दोनदा नको, मग हो

२ जुलै, गुरुवार. सोलो.
बॅग भरून झाली. उद्या निघतोय. माझा दोस्त मिको, तिउर आणि मी. पाठीवर बॅगा, मिळेल ती बस, मिळेल ती बोट, थेट पूर्वेला फ्लोरेसपर्यंत. शाळेला सुट्टी आहे.

हा प्लॅन मिकोचा. त्याच्या आतला प्लॅन माझा आणि तो माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. परत येईपर्यंत तिउर माझी झालेली असेल.

तिउर बातक जमातीची. दूर दुसऱ्या बेटावरची, तोबा सरोवराकडची. नोकरीसाठी सोलोत आली, औषधांच्या दुकानात असते आणि रविवारी आमच्या चर्चच्या गायनमंडळात गाते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, मनात आलं की तोंडावर. ईस्टरच्या तालमीत सगळ्यांसमोर म्हणाली होती की दितो नसला तर गाण्याला बूडच राहत नाही. याचा अर्थ काय होतो ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मी खालच्या पट्टीत गातो. मिको वरच्या. वरच्या पट्टीतली पोरं पैशाला पासरी मिळतात.

३ जुलै, शुक्रवार. बान्युवांगीच्या गाडीत.
खिडकीची जागा तिउरची होती. म्हणाली, दितो, तू बस खिडकीत, तुला बाहेर बघायला आवडतं. माझ्या आवडीनिवडी तिला पाठ आहेत! अर्थातच मी नको म्हणालो. ती म्हणाली, बरं. आणि मिको तिथे जाऊन बसला. तिला धक्का देत, चक्क हसत.

याला म्हणतात संस्कार नसणं. आमच्या जावानीज सोलोत कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. पुन्हा म्हटलं की पुन्हा नको, पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा म्हटलं की मग, तुम्ही एवढं म्हणताय म्हणून, हो. समोरच्यालाही हे माहीत असतं, त्यामुळे तो तिसऱ्यांदा म्हणतोच. सातवीच्या पोरांना मी हेच शिकवतो. जावानीज भाषा आणि चालीरीती, माझा विषय.

मिकोही सोलोचाच. पण स्पेअर पार्ट विकायला काही वर्षं मेदानला, तिउरच्या लोकांकडे, राहिला आणि तिथे वाया गेला. आता कुणी काही म्हणायचा अवकाश, याचं हो तयार.

मी वाटेच्या कडेला बसलोय. चहाची ट्रॉली येता-जाता कोपराला लागते. असो. तिउरला फरक दिसला असणारच.

४ जुलै, शनिवार. बालीच्या फेरीबोटीत.
तिउरने तळलेलं टोफू घेतलं, हिरव्या मिरच्यांसकट. पुडी आधी माझ्यापुढे धरली. नीट नोंद करतोय, आधी माझ्यापुढे. मी म्हणालो नको, पोट भरलंय. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

पुडी मिकोकडे गेली ती परत आलीच नाही. मिको बोटं चाटत म्हणाला, दितो, असं उपाशी राहून संत होतात असं तुला कुणी सांगितलं? तिउर हसली. पण मला वाटतं तिला ते आवडलं नसावं.

ठराव : यापुढे तिच्या जवळ उभं राहायचं. म्हणजे दुसऱ्यांदा विचारायला तिला सोपं जाईल.

६ जुलै, सोमवार. गिली आयर.
लहानसं बेट. गाड्या नाहीतच. सायकल नाहीतर घोडागाडी. सायकलवाल्याकडे दोनच सायकली उरलेल्या. तिउर एकीवर बसली आणि मला म्हणाली, चल, बेटाला चक्कर मारू, आपण दोघंच.

आपण दोघंच! हे तिचे शब्द.

मी म्हणालो, नको, तुम्ही जा, मी सामान बघतो. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता विचारते. तर म्हणाली, तुला माझ्याबरोबर यायचंच नसतं का रे? मी नुसता हसलो. खानदानी हसू. तेवढ्यात मिको दुसऱ्या सायकलवर टांग टाकून मोकळा.

सामान बघितलं. सामानाला काहीच झालं नाही.

संध्याकाळी दोघं आली. घामाघूम, खिदळत. मिकोच्या कानामागे चाफ्याचं फूल. फूल तिथे आपोआप जात नाही. मी विचारलं नाही. जळण्याचा तर प्रश्नच नाही, मी त्यातला माणूस नव्हे. वाटेत नारळाची करवंटी होती तिला सहज लाथ मारली. तो अख्खा नारळ निघाला. अंगठा सुजलाय.

८ जुलै, बुधवार. सुंबावाच्या बसमध्ये.
आनंदाची बातमी. तिउरने माझा अंगठा स्वतःच्या हाताने बांधला. सगळ्या बससमोर माझा पाय मांडीवर घेऊन. म्हणाली, बाह, हा अंगठा आहे का वांगं? मिको पलीकडच्या सीटवरून बघत होता. बघ म्हटलं. पोटभर बघ.

मग तिने विचारलं, ठणकतंय का, गोळी देऊ? मी म्हणालो, छे, मला कसलं ठणकतंय. तिने गोळी पिशवीत परत टाकली. मिकोचं डोकं दुखत होतं, त्याने मागितली, त्याला मिळाली. हा रस्ता कुणी बांधला कोण जाणे. प्रत्येक खड्डा थेट अंगठ्यात.

दुपारी ती म्हणाली, दितो, तू माझ्या हातचं काहीच का घेत नाहीस रे? आमच्या घरी पाहुणा नको म्हणाला की आई हिरमुसते, तिला वाटतं आपलं काही आवडलं नाही. मी म्हणालो, तुमच्याकडच्या चालीरीती मोठ्या गमतीदार आहेत. त्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. विचारात पडली असावी.

तिला आमची पद्धत समजावून सांगावी असं मनात आलं होतं. पण माझं नको म्हणजे नको नसतं, असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणजे आग्रह करा म्हणून मागण्यासारखंच. शोभत नाही.

१० जुलै, शुक्रवार. सापे बंदर.
लाटा मोठ्या. फ्लोरेसची बोट सुटत नाही. कालपासून इथेच बसलोय, आमच्यासारखे अजून पन्नास-साठ जण, पोत्यांवर, कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी. कॉफी, लवंगी सिगारेटचा धूर, पुन्हा कॉफी.

मिकोने गाणं सुरू करायचं काढलं. ज्याला काही येत नाही त्याला गर्दी जमवता येते. तिउर माझ्याकडे वळून म्हणाली, चल दितो, तुझ्याशिवाय नाही जमायचं. काय सांगू, कान गरम झाले. म्हणालो, नको, माझा घसा बसलाय. तिने मिकोकडे बघितलं, मिकोने खांदे उडवले आणि दोघांनी सुरू केलं.

मी पुढच्या कडव्याची वाट बघत होतो. मध्ये थांबून विचारतील. थांबले नाहीत. गाण्याला बूड नव्हतं, हे कुणीही जाणकार सांगेल. खलाशी मात्र टाळ्या वाजवून वेडे झाले, एका बाईने तिउरला भाजलेला मासा दिला आणि बंदराचा शिपाई मिकोला म्हणाला, जोडा छान शोभतो तुमचा. जोडा! मिको लाजला. तिउरने नाही म्हटलं नाही.

शिपायाला डोळ्यांचा डॉक्टर दाखवायला हवा.

१२ जुलै, रविवार. लाबुआन बाजो.
पोहोचलो. सकाळी चर्चला गेलो. मी देवाकडे काही मागितलं नाही, फक्त मिकोचं नाव घेतलं.

दुपारी धक्क्यावरच्या खाणावळीत मिको आणि मी दोघंच. तिउर उद्याच्या बोटीचं ठरवायला गेलेली. मिको ताटातल्या भाताशी खेळत होता. याच्यापुढे भात उरतो, हेच नवल. मग एकदम म्हणाला, दितो, मी काल तिउरला विचारलं. लग्नाचंच.

माझ्या हातातला चमचा खाली पडला. मी उचलला. मग पुन्हा पडला.

मिको म्हणाला, तिने अजून हो म्हटलेलं नाही. म्हणाली, मला आधी एकाला काहीतरी विचारायचंय, मग सांगते. दितो, मला वाटतं तो एक जण तू आहेस. तुझ्या मनात काही असेल तर आत्ता सांग. मी बाजूला होतो, आईशप्पथ. लहानपणापासूनची दोस्ती आहे आपली.

मी म्हणालो, छे, माझ्या मनात काय असणार.

तो म्हणाला, नक्की? मी सोलोचाच आहे रे, म्हणून पुन्हा विचारतो.

तेवढी लाज शिल्लक आहे तर. मी म्हणालो, नाही रे. जरा हळू आवाजात, बरोबर जसं म्हणायचं तसं. तो तोंड उघडणार एवढ्यात मालकीण मासे घेऊन आली, तिखटाची वाटी मिकोच्या पँटवर सांडली, आणि तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं. पुढे विषय पँटवरच राहिला.

हरकत नाही. तिउरला एकाला काहीतरी विचारायचंय! तो एक मी! लग्नाचं विचारणारा मिको आणि ती थांबली माझ्यासाठी. मिकोचं वाईट वाटतं. खोटं कशाला लिहू, अजिबात वाटत नाही. चांगली जिरली.

१३ जुलै, सोमवार. पादार बेट, मग बोटीवर.
आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहायला हवा. बॉलपेन संपत आलंय.

सकाळी टेकडी चढलो. मिको खाली फोटो काढत राहिला, मला वाटतं मुद्दामच. वर फक्त तिउर आणि मी. ती बराच वेळ बोलेना. तिच्यासारखी बाई गप्प बसली की भीती वाटते. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, दितो, मला वळणावळणाने बोलता येत नाही. एकदाच विचारते. वर्षभर मला तू आवडतोस. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही आहे? असेल तर मिकोला नाही सांगते आत्ता खाली जाऊन. नसेल तर तसं सांग, मी राग धरणार नाही.

 वर्षभर! मी वेडा होतो तिच्यावर, आणि ती माझ्यावर!

पण माणसाची खरी परीक्षा अशा वेळीच असते. मी मान किंचित खाली घातली. म्हणालो, छे ग, तसं काही नाही. मिको चांगला मुलगा आहे.

वाक्य जमून आलं. आवाज नेमका. आमच्या थोरल्या काकांनीही शाबासकी दिली असती. मिकोबद्दल बरं बोलणं ही माझी स्वतःची भर, त्यामुळे नकाराला मोठेपणा येतो.

ती म्हणाली, बरं. मग खाली बसून बुटाची नाडी बांधली. बराच वेळ बांधत होती. उठली तेव्हा डोळे लाल होते. वर धूळ फार. मी रुमाल पुढे केला तर पहिल्याच वेळी घेतला. या लोकांना शिकवायला वेळ लागेल. पण लग्नानंतर वेळच वेळ आहे.

पहिला नकार झाला. आता दुसरा, मग हो. एकदाच विचारते म्हणाली खरी, पण ती बोलायची पद्धत. सगळेच म्हणतात.

१४ जुलै, मंगळवार. कोमोडो.
अजून विचारलेलं नाही.

दिवसभर मी सोयीच्या जागी राहिलो. बोटीत तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, पाणी? हे दुसऱ्यांदा विचारणं धरायचं का, यावर मी बराच विचार केला. नाही. विषय वेगळा. पाणीही नको म्हणालो आणि मग उन्हात घसा कोरडा पडला.

तिसऱ्या वेळचं उत्तर तयार केलंय. अस्सल दरबारी जावानीजमध्ये, नंतर तिला समजेल अशा भाषेत. झाडीमागे उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं. हातवारे जमले. समोर इथली ती प्रचंड घोरपड पडलेली होती, शांतपणे ऐकत होती. मग रेंजर काठी घेऊन धावत आला आणि ओरडला, अहो मास्तर, मरायचंय का, मागे व्हा! सगळी बोट हसली. तिउर हसली नाही. तिला काळजी वाटली असणार.

मिको दिवसभर तिच्याजवळ गेला नाही. समजलंय बिचाऱ्याला.

१५ जुलै, बुधवार. लाबुआन बाजो.
मिकोने मला मिठी मारली. नाष्ट्याच्या टेबलावर, माझ्या कॉफीसकट. म्हणाला, तिउर हो म्हणाली, आणि तिने सांगितलं तू माझ्याबद्दल चांगलं बोललास. दितो, तुझ्यासारखा दोस्त मिळायला नशीब लागतं. डोळ्यांत पाणी त्याच्या.

मी म्हणालो, त्यात काय.

समजलं मला. हा तिउरचा डाव आहे. मला जळवायचं, म्हणजे दुसरा नकार आणि हो मी लवकर उरकेन. बातक बायका हुशार असतात. ठीक आहे, डाव चालला असं समजा. जळलो. दोघं बाजारात हात धरून फिरत होती, ती त्याच्या कमरेला सारोंगचं कापड लावून बघत होती, निळं, मग तपकिरी, मग पुन्हा निळं. मी सुक्या माशांच्या गाड्यामागे उभा होतो. निळं मला शोभलं असतं. मिकोला काहीच शोभत नाही. तो हसतो तेव्हा हिरड्या दिसतात. या माणसाचं मला सगळं नको आहे आणि त्याच्याकडे आहे ते सगळं हवंय.

पण डावच आहे. नक्की.

१७ जुलै, शुक्रवार. सुराबायाच्या जहाजावर.
आज मीच विषय काढला. कमीपणा घेतला. काय करणार, उद्या सुराबाया, मग घर.

मिको खाली जेवणाच्या रांगेत होता. तिउर कठड्याशी उभी. मी जाऊन म्हणालो, त्या दिवशी टेकडीवर तू काहीतरी विचारलं होतंस. पुन्हा विचारायचं असेल तर विचार, माझी हरकत नाही.

तिला आधी कळेचना. मग कळलं. तिचा चेहरा असा झाला की मी कधी विसरणार नाही. म्हणाली, दितो, म्हणजे ते तुमचं सोलोवाल्यांचं नको होतं?

मी म्हणालो, पहिलं होतं.

तिने कठडा घट्ट धरला. मग म्हणाली, मला माहितेय रे तुमचं. मी काय कालची आहे सोलोत? घरमालकीण चहाला नको म्हणते तेव्हा मी तिला तीनदा विचारते. दोस्तांतही ते चालतं हे माहीत नव्हतं. भाताला विचारेन, खुर्चीला विचारेन. पण मी तुला चहा विचारला होता का? मला वाटलं, निदान यावर तरी तू खरं बोलशील. मी त्या दिवशी खूप रडले. मग डोळे पुसले आणि मिकोकडे नीट बघितलं. चांगला माणूस आहे तो. मला तो हवाय आता. कुणाच्या बदली म्हणून नाही.

मी म्हणालो, मी हो म्हणणार होतो.

ती म्हणाली, मग म्हणायचं होतंस.

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. बहीण ठेवते तसा. मिको तीन डबे घेऊन वर आला आणि म्हणाला, काय चाललंय, माझी चुगली? मी म्हणालो, हो. या प्रवासात मी पहिल्या फटक्यात म्हटलेलं हे पहिलं हो. तिघांनी जेवण केलं. माझ्या डब्यातलं अंडं मी मिकोला दिलं, त्याने घेतलं.

१९ जुलै, रविवार. सोलो.
घरी. चर्चला गेलो नाही.

फ्लोरेसला जायची कल्पना मुळातच चुकीची होती. दमट हवा, खराब रस्ते. मी आधीच म्हणणार होतो.

आईने विचारलं, जेवतोस? नको म्हणालो. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाली, दोन घास? म्हटलं, नको ग. गेली ती गेलीच. मी पलंगावर पडून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. बादली वाजली. नळ वाजला. ती काही येईना. आणि माझा जीव असा घाबरला की मी अनवाणी स्वयंपाकघरात पळालो आणि उंबऱ्यावरूनच ओरडलो, हो! जेवतो! हो!

तिने ताट वाढलेलंच होतं. म्हणाली, अरे, हळू, शेजारी काय म्हणतील.

बसलो. भात गरम होता. पहिल्याच घासाला रडू फुटलं आणि थांबेना. कुणी एकदा नुसतं विचारलं असतं, काय झालं, तर त्याच क्षणी सगळं सांगितलं असतं. पण आई सोलोची. पोरगा समोर रडत असताना असलं काही विचारणं तिला बरं वाटत नाही. तिने वर आमटी वाढली आणि पंखा जरा माझ्याकडे वळवला.